एका घोटाची वाट

जेवता जेवता एखाद्याला ठसका लागला की घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या पाठीवर हात फिरवतात आणि म्हणतात, "कोणीतरी आठवण काढली असेल." ही समजूत केवळ महाराष्ट्राची नाही. तमिळनाडूत ठसक्याला 'पुरै एरुदल' म्हणतात आणि तेथील आजीही नातवाच्या डोक्यावर हलकेच थापटून हेच शब्द उच्चारते. आठवण काढणारे माणूस असो वा नसो, ठसका मात्र एक मोठे काम करून गेलेला असतो. वाट चुकून श्वासनलिकेच्या दाराशी गेलेला अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब त्याने जोराने बाहेर लोटलेला असतो. ठसका हा शरीराचा पहारेकरी आहे. तो पहारेकरीच झोपी गेला तर काय होते, आणि त्याला पुन्हा जागे करण्यासाठी बर्फाच्या थंड स्पर्शाचा उपयोग कसा करून पाहतात, याची ही हकीकत आहे.

गिळणे ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते की ती क्रिया आहे हेच माणसाच्या ध्यानात राहत नाही. निरोगी मनुष्य दिवसाकाठी पाचशे-सहाशे वेळा गिळतो. त्यांतील बहुतेक वेळा तो अन्न नव्हे, तर तोंडातील लाळ गिळत असतो, आणि झोपेतही हे काम थोडेफार चालूच राहते. शरीरशास्त्रज्ञ या क्रियेचे तीन टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात घास चावून, लाळेत कालवून जीभ त्याला मागे ढकलते; हा टप्पा माणसाच्या इच्छेच्या अधीन असतो. तिसऱ्या टप्प्यात अन्ननलिका लाटेप्रमाणे आकुंचन पावत घास जठरात पोहोचवते. तेथे इच्छेचा काही संबंध उरत नाही. या दोहोंमधील दुसरा टप्पा जेमतेम एका सेकंदाचा असतो आणि सारा धोका त्या एका सेकंदातच साठलेला असतो.

घशात श्वासाची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदून जातात. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे, आणि दोहोंचे दार जवळजवळ एकाच ठिकाणी. घास मागे आला की श्वास क्षणभर थांबतो, मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, त्यावरील झाकण खाली झुकते, स्वरतंतू मिटतात आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. तीसांहून अधिक स्नायू यात भाग घेतात आणि त्यांचा क्रम चुकून चालत नाही. या साऱ्यांचा सूत्रधार मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात बसलेला असतो. घास आल्याची वर्दी त्याला तोंडातील व घशातील मज्जातंतू देतात. वर्दी वेळेवर पोहोचली तर दारे वेळेवर मिटतात. वर्दीला उशीर झाला तर घास दाराशी येऊन ठेपतो आणि दार मात्र उघडेच असते.

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. ते कल्पनेतील असले तरी चेन्नईसारख्या शहरात रोज कोठे ना कोठे खरे होत असते. तंजावरच्या मराठी घराण्यांपैकी काही कुटुंबे पिढ्यांपूर्वी मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, येऊन स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबातील सत्तरीचे गृहस्थ तिरुवल्लिकेणी भागात राहतात. एके सकाळी हातातील कापीचा पेला गळून पडतो, उजवा हात उचलत नाही, तोंड वाकडे होते. अर्धांगवायूचा झटका आलेला असतो. वेळेवर रुग्णालयात नेल्याने प्राण वाचतात, चार दिवसांनी शुद्ध नीट येते आणि पहिली खूण ते करतात ती पाण्याची. सून लगबगीने पेला पुढे करते. परिचारिका मात्र तिचा हात धरते. घरच्या मंडळींना हे क्रूरपणाचे वाटते. तहानलेल्याला पाणी देणे हा ज्या देशात धर्म मानला गेला, त्या देशात आजाऱ्याचा पेला अडवायचा कसा?

अडवण्याचे कारण असे की, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना गिळण्यात काही ना काही अडथळा असतो. त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत वर्दी उशिरा पोहोचणे हेच मुख्य दुखणे असते. अशा वेळी सर्वांत धोक्याचे अन्न कोणते, तर साधे पाणी. भाकरीचा घास जड असतो, तो हळूहळू सरकतो; पाणी मात्र पातळ, चपळ आणि निसरडे. दार मिटण्यापूर्वीच ते श्वासनलिकेत उतरते. ठसका लागला तर निदान कळते तरी. पण काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच इतकी मंदावलेली असते की पाणी फुप्फुसात उतरले तरी ठसका येत नाही. रुग्ण शांतपणे पितो, घरची मंडळी समाधान पावतात आणि दोन दिवसांनी ताप चढतो. तोंडातील जंतू पाण्याबरोबर फुप्फुसात गेल्याने न्यूमोनिया झालेला असतो. अर्धांगवायूतून वाचलेला रुग्ण या दुसऱ्या संकटाला बळी पडल्याची उदाहरणे वैद्यांना नवी नाहीत. म्हणूनच 'ठसका लागत नाही, म्हणजे गिळणे ठीक आहे' ही समजूत अत्यंत घातक आहे.

नाकातून जठरात नळी घालून अन्न देणे हा तात्पुरता उपाय झाला. त्याने पोट भरते, परंतु तोंड मात्र रिकामेच राहते. चव नाही, पंगत नाही, घरच्यांबरोबर बसून खाल्लेला घास नाही. ज्याला रोज नळीतून दूध मिळते तो माणूस उपाशी नसतो. तरीही तो जेवलेला नसतो. त्यामुळे नळी केव्हा काढता येईल, हा प्रश्न अशा घरात औषधाच्या प्रश्नाइतकाच मोठा होऊन बसतो. याच ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञाचा, म्हणजे स्पीच थेरपिस्टचा, प्रवेश होतो. बोलणे आणि गिळणे या दोन्ही कामांसाठी जीभ, ओठ, टाळू आणि स्वरयंत्र ही अवजारे एकच असल्याने ही दोन्ही दुखणी एकाच शास्त्राच्या कक्षेत आली.

या शास्त्राला आजचे रूप देण्यात अमेरिकेतील जेरी लोगमन या विदुषीचा वाटा मोठा आहे. त्यांनी शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात काम केले. बेरियम मिसळलेले अन्न रुग्णाला थोडे थोडे देऊन क्ष-किरणांच्या चलच्चित्रात ते कोठे अडते, कोठे सांडते, हे पाहण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. गिळण्याच्या दोषांवरील त्यांचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. थंड स्पर्शाच्या उपचाराचा प्रसार त्यांच्याच शिकवणुकीतून झाला. मात्र त्याचे बीज जुने होते. पॉमेरेन्के या संशोधकाने १९२८ साली तोंडातील व घशातील निरनिराळ्या जागांना स्पर्श करून पाहिला होता. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना जी मांसल कमान दिसते, तिच्या पुढच्या खांबांवर स्पर्श झाला असता गिळण्याची क्रिया सर्वांत सहज जागी होते, असे त्याला आढळले. दार ठोठवायचे कोठे, हे त्यामुळे ठरले. कशाने ठोठवायचे, याचे उत्तर पुढे थंडाव्याने दिले.

उपचाराची रीत दिसायला फार साधी आहे. घसा तपासताना वापरतात तो लांब दांड्याचा, नखाएवढा आरसा बर्फाच्या पाण्यात सुमारे दहा सेकंद बुडवून ठेवतात. रुग्णाला ताठ बसवून तोंड उघडायला सांगतात. मग त्या थंडगार आरशाची पाठ कमानीच्या एका खांबावरून वरखाली चार-पाच वेळा हलकेच फिरवतात. नंतर दुसऱ्या बाजूला तसेच करतात. आरसा बाहेर काढून रुग्णाला गिळायला सांगतात. आरंभी तो केवळ आपली लाळ गिळतो. प्रगती दिसली तर पाण्याचे चार थेंब किंवा चमच्याच्या टोकावरील घट्ट पदार्थ देतात. असे पाच-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा चालते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. थंड स्पर्शाने घास आपोआप गिळला जात नाही. तो स्पर्श मेंदूला फक्त सावध करतो. गिळण्याचा प्रयत्न रुग्णालाच करावा लागतो.

थंडाव्यात असे काय आहे? त्वचेत आणि तोंडाच्या अस्तरात थंडी ओळखणारे वेगळे ग्राहक असतात. त्यांतील प्रमुख ग्राहकाचा शोध २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी स्वतंत्रपणे लावला. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील एकंदर कार्याबद्दल त्यांना २०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुदिन्यातील मेंथॉलही हाच ग्राहक जागवते. पुदिन्याची गोळी तोंडात ठेवून श्वास घेतला की गारवा वाटतो तो यामुळेच. तोंड नेहमी उबदार असते. त्या उबेला सरावलेल्या जागेवर एकाएकी गारवा टेकला की मज्जातंतूंतून संदेशांची झोड उठते. मंदावलेल्या मेंदूला मऊ हाक ऐकू येत नसेल, तर हाक अधिक मोठ्याने मारायची, हाच यामागील विचार आहे. पुढे आंबट चवीचाही असाच उपयोग होतो, असे लोगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले.

ज्या शहरात उन्हाळ्यात अंगाची लाही होते, त्या शहराचे थंडीशी एक जुने नाते आहे, हेही येथे आठवते. तिरुवल्लिकेणीच्या समुद्रकिनाऱ्यावर, मरिनासमोर, एक गोलाकार दर्शनी भागाची इमारत उभी आहे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने ती १८४२ च्या सुमारास बर्फ साठवण्यासाठी बांधली. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून महिनोन् महिने समुद्रावरून प्रवास करून येथे उतरत असे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम त्याच वास्तूत झाला आणि आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. परिसराला मात्र लोक अजूनही आइस हाउसच म्हणतात. एके काळी सात समुद्रांपलीकडून आणावा लागणारा बर्फ आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या शीतकपाटात पेल्याएवढा सहज मिळतो. उपचाराला महागडे यंत्र लागत नाही; लागतो तो शिकलेला हात आणि भरपूर वेळ.

बर्फ पाहिला की घरच्या मंडळींच्या मनात शंका उभी राहते. आजाऱ्याला थंड बाधते, कफ होतो, ही समजूत चेन्नईत आहे तशीच पुण्यात आणि नागपुरातही आहे. ट्यूडरचा बर्फ मुंबईस आला तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले आणि यजमानासह सर्वांना पडसे झाले, अशी बातमी तेव्हाच्या वृत्तपत्राने मोठ्या चवीने छापल्याचे सांगतात. या उपचारात मात्र बर्फ पोटात जात नाही. थंड होते ती घशाची दोन बोटांएवढी जागा, आणि तीही काही क्षण. भीती थंडीची नसून वितळलेल्या बर्फाच्या पाण्याची असावी. बर्फाचा खडा रुग्णाच्या जिभेवर ठेवला तर तो वितळून पाणी होते आणि ज्या पाण्यापासून त्याला जपायचे तेच नकळत घशात उतरते. म्हणून आरसा पाण्यातून काढल्यावर त्यावरील थेंब झटकून टाकतात. रुग्ण गुंगीत असेल, सूचना समजत नसतील किंवा तोंडात काही घातले की तो दात आवळत असेल, तर हा उपचार त्याच्यासाठी नव्हे. तसेच मुखाच्या वा घशाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत जिभेचा भागच गेला असेल, तर तेथे अडचण वर्दीची नसून अवजाराची असते. गारव्याने ती दूर होत नाही. अशा रुग्णांसाठी वेगळे व्यायाम आणि वेगळ्या युक्त्या आहेत.

आता खरा प्रश्न. या उपचाराने गुण येतो का? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर दोन भागांत द्यावे लागते. १९८६ साली लोगमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मज्जासंस्थेचा विकार असलेल्या पंचवीस रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. थंड स्पर्शानंतर लगेच घेतलेल्या घोटाच्या वेळी त्यांपैकी तेवीस जणांची गिळण्याची क्रिया आधीपेक्षा लवकर सुरू झाली. ही बातमी आशादायक होती आणि उपचार जगभर पसरला. परंतु शास्त्र एका पाहणीवर थांबत नाही. जॉन रोझेनबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली अर्धांगवायूच्या सात रुग्णांवर काही काळ उपचार, काही काळ खंड, असे पाळीपाळीने करून पाहिले. टिकाऊ सुधारणेचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. १९९६ साली त्यांनीच पुन्हा दाखवून दिले की, स्पर्शानंतरच्या घोटांतील विलंब खरोखर कमी होतो. १९९८ साली त्यांनी पंचेचाळीस रुग्णांचे चार गट करून आठवड्याला दीडशेपासून सहाशेपर्यंत वेळा हा उपचार देऊन पाहिला. कोणतीही एक मात्रा इतरांहून श्रेष्ठ ठरली नाही.

याचा अर्थ एवढाच की, थंड स्पर्श पुढच्या एक-दोन घोटांना साहाय्य करतो, हे बऱ्याच अंशी दिसून आले आहे. तो गिळण्याची क्रिया कायमची पूर्ववत करतो, हे सिद्ध झालेले नाही. शिवाय आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. अर्धांगवायूनंतर अनेक रुग्णांचे गिळणे दोन-चार आठवड्यांत आपोआपच सुधारते. त्याच काळात उपचार चालू असेल तर श्रेय कोणाचे, हे ठरवणे कठीण. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार असू शकतो. म्हणून चांगला तज्ज्ञ या उपचाराला जादू म्हणत नाही आणि टाकाऊही म्हणत नाही. तो त्याला इतर उपायांच्या जोडीला बसवतो. जिभेचे व्यायाम, मान किंचित पुढे झुकवून गिळण्याची सवय, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अन्नाचा दाटपणा, या साऱ्यांच्या संगतीत बर्फाचा आरसा आपले काम करतो.

अन्नाच्या दाटपणाचा विचार दक्षिणेत विशेष करावा लागतो. तेथील जेवणाचा आत्मा रसम. पातळ, आंबट, गरम रसम भातावर ओतले की निरोगी माणसाला तृप्ती वाटते. गिळण्याचा दोष असलेल्याला मात्र ते दुहेरी संकट ठरते. भात चावावा लागतो, तोवर रसम घशात उतरून गेलेले असते. एकाच घासात दोन प्रकारचे पदार्थ असणे हेच अशा रुग्णाला सर्वांत कठीण. महाराष्ट्रातील ताकभात, आमटीभात यांचीही तीच गोष्ट. त्याउलट मऊ शिजवून, घोटून एकजीव केलेला दहीभात किंवा नाचणीची घट्ट पेज ही अनेकांना सोसते. द्रव आणि घन पदार्थांच्या दाटपणाच्या शून्यापासून सातपर्यंतच्या पायऱ्या आता आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरलेल्या आहेत आणि कोणत्या रुग्णाला कोणती पायरी, हे तज्ज्ञ तपासून सांगतो. घरी पाळायच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. रुग्णाला ताठ बसवूनच भरवावे, निजवून कधीही नाही. घास लहान असावा आणि पहिला गिळल्याची खात्री झाल्यावाचून दुसरा देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास त्याला बसूनच राहू द्यावे. दात आणि जीभ दोन्ही वेळा स्वच्छ करावी. कारण तोंड स्वच्छ असेल तर चुकून फुप्फुसात गेलेला थेंबही तेवढा घातक ठरत नाही.

मेंदूच्या विकारांवरील उपचारांची परंपरा मद्रासला जुनी आहे. तेथील सरकारी रुग्णालयाची सुरुवात १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात झाली आणि त्याच रुग्णालयात १९५० साली डॉ. बी. राममूर्ती यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. अडयार येथील कर्करोग संस्था डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ साली सुरू झाली. पोरूर येथील श्रीरामचंद्र संस्थेत वाचा-श्रवणशास्त्राचे शिक्षण दिले जाते. इतरत्र पाहिले तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, मुंबईचे नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथूनही असे तज्ज्ञ शिकून बाहेर पडतात. परंतु जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी ते विरळाच. तेथे रुग्णाच्या घशाचा पहारा घरच्या मंडळींनाच करावा लागतो. जेवताना वा जेवणानंतर आवाज ओला, घोगरा होणे, गालात घास साठून राहणे, वारंवार बारीक ताप येणे, या खुणा त्यांनी ओळखल्या आणि वेळीच डॉक्टरांच्या कानावर घातल्या, तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

तिरुवल्लिकेणीच्या त्या गृहस्थांकडे पुन्हा एकदा पाहावे. तीन आठवडे उलटले आहेत. तपासणी झाली आहे आणि तज्ज्ञाने काही पदार्थांना संमती दिली आहे. उशाशी बर्फाच्या पाण्याचा पेला आहे. आरसा दोन्ही बाजूंनी फिरतो, ते डोळे मिटून प्रयत्न करतात आणि गळ्याची घाटी वर उचलली जाते. सून बोट लावून ती हालचाल जोखते, कारण तिला ते शिकवलेले आहे. मग ती चमच्यावर दाट केलेली, कोमट कापी घेते. पेल्यातून डब्यात आणि डब्यातून पेल्यात ओतून फेसाळलेली ती कापी नव्हे. तरी वास तोच आहे. एक चमचा. ती थांबते. आवाज काढायला सांगते. आवाज कोरडा आणि स्वच्छ निघतो. मगच दुसरा चमचा.

हे यश बर्फाचे किती, काळाचे किती आणि त्या सावध हाताचे किती, याचा हिशेब शास्त्र अजून करीत आहे. पण ज्या घरात अशा रुग्णाची शुश्रूषा चालू आहे तेथे एवढे तरी समजायला हवे की, तहानलेल्याला पाणी देणे हा धर्म आहेच. मात्र ते पाणी योग्य वाटेने जाईल याची आधी खात्री करून घेणे, हाही त्याच धर्माचा भाग आहे.